घरात ताप आहे

कसबा पेठ, पुणे
३ जुलै २०२२

प्रिय पूर्वा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलायचं तर या दोन खोल्यांत तुझ्या बाबांच्या कानावर पडतंच, आणि हल्ली त्यांचे कान भलतेच तिखट झालेत. ते दुकानात जाऊन बसलेत तोवर लिहून घेते. बसलेत म्हणजे नुसतेच बसलेत. उजवा डोळा गेल्यापासून तांब्याचं सगळं काम आपला कारागीर साईनाथच करतो. परवा हट्टाने एक घागर मठारायला घेतली. एकाशेजारी एक घाव पडायला हवा, तर निम्मे डाव्या अंगठ्यावर. ते जेवायला घरी आले तेव्हा साईनाथने गुपचूप ती घागर पुन्हा ठोकून ठेवली. नंतर बाबांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि ती तशीच फळीवर ठेवून दिली. चिडायला हवं होतं गं त्यांनी.

आता डाव्या डोळ्यातलाही दाब वाढलाय, थेंबांनी आवरत नाही. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात येतो. ऑपरेशनने गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचते, असं डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा समजावलं. पंधरा तारीख दिलीय. बाबा नाही म्हणतात. "जे मला विसरले, त्यांच्या हातात उरलेला डोळा देणार नाही." बस, एवढंच. सगळ्या आळीला ऐकवून झालंय, की लॉकडाऊनमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द केलंत ते केलंत, पुढे साधा एक फोन करायला काय झालं होतं? तूही हॉस्पिटलवर चिडलीस, नागपूरहून तक्रारीचा अर्ज लिहून पाठवलास. तो मी दिलाच नाही. तांदळाच्या डब्याखाली आहे.

आठवतं ना, पेठ पत्रे ठोकून बंद केली होती. समोरच्या सुशीलाबाई नुसतं बीपी दाखवायला म्हणून गेल्या आणि आठ दिवसांनी त्यांच्या मुलाला फोन आला. चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही त्याला. मला हॉस्पिटल म्हटलं की कापरं भरायचं. आणि बाबांचं तर काही दुखतही नव्हतं.

त्या वर्षी जुलैत फोन आला होता, पूर्वा. हॉस्पिटलचाच. बाबा अंघोळीला गेले होते, मी घेतला. मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, जास्त दाबाच्या पेशंटांना आधी बोलावतोय, गुरुवारी घेऊन या. मी सांगितलं, "घरात ताप आहे." तेव्हा या तीन शब्दांपुढे कोणाचं काही चालायचं नाही. ती म्हणाली, बरं वाटलं की लगेच कळवा. ऑगस्टमध्ये पुन्हा फोन आला, मी पुन्हा ताप सांगितला. तिसऱ्यांदा आला नाही. मीही कळवलं नाही. फेब्रुवारीत गेलो तेव्हा उजव्या डोळ्यात उजेड कळण्यापुरतंही उरलं नव्हतं, आणि डॉक्टरीणबाई कागद चाळत म्हणाल्या, सहा महिने आधी यायला हवं होतं. बाबा ताडकन उठून बाहेर गेले. मी मान खाली घालून बसले.

तेव्हा वाटायचं, मी नवरा वाचवला. खोटं कशाला बोलू, अजूनही कधीकधी वाटतं. पण त्यांचा दुसरा डोळा माझ्या खोटेपणापायी जाऊ देणार नाही. त्यांना सगळं सांगायचं ठरवलंय, तेरा तारखेला, तू आल्यावर. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवतात. सांगितल्यावर ठेवतील असं वाटत नाही. आणि हॉस्पिटलात तर पोचायला हवं. रजा काढ आणि ये. तुझ्याकडे माफी मागत नाही, ती आधी त्यांची मागायची आहे. फक्त तुझा खांदा लागणार आहे.

अजून तरी तुझीच,
आई