पुलावरचा झेंडेवाला

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे? दरवेळी हे रीत म्हणून विचारतो, या वेळी खरंच विचारतो आहे. गुडघे, छाती, खांदे यांची वेगवेगळी खबर द्यावी. तुमच्या नावाचा एक शिशाचा सैनिक संकटात आहे, म्हणून काळजी. ताईलाही नमस्कार. (तिला हे पत्र वाचून दाखवू नये.)

मागच्या खेपेला तुम्ही हसून म्हणालात, चार घोडे झालेले बाप्ये रविवारी दुपारी टेबलावर सैनिक ढकलतात आणि लढण्यापेक्षा नियम बदलण्यावरच जास्त भांडतात, यात कसली मजा? दाजी, मी टेलर. तयार शर्ट अंगात जातो, पण अंगाचा होत नाही. काखेत उसवून घेतला की मग तो आपला. खेळाच्या पुस्तकाचंही तसंच. त्यात तोफ चिखलातही सडकेवरच्याइतकीच पळायची. चिखल तुडवत शाळेत गेलेल्या माणसाला हे कसं पटावं? आम्ही तोफेची चाल निम्मी केली, आणि काय सांगू, त्या संध्याकाळी जग थोडं दुरुस्त केल्यासारखं वाटलं. वरच्याच्या नियमांत आपल्याला कोण हात घालू देतो?

मग मला अवदसा आठवली. पडलेला सैनिक नुसता डब्यात टाकायचा, हे माझं मन घेईना. मी सुचवलं, त्याला दोन्ही हातांनी उचलावं, नाव घ्यावं, मग ठेवावं. नाव घ्यायचं तर नाव हवं, म्हणून ओळखीच्यांची दिली. पाववाल्याच्या नावाचा सैनिक पडला आणि दुसऱ्या दिवशी पाववाल्याचा हात गळ्यात बांधलेला! म्हणाला, "घसरलो बुवा. पण कुणीतरी दोन्ही हातांनी उचललं, आणि वळून बघतो तर कुणीच नाही."

घाबरून आम्ही नियम बदलला: कुणी मरायचं नाही, फक्त दमून सावलीत बसायचं. मग पोस्टमन दमला. खराखुरा पोस्टमन आठवडाभर कोपऱ्यावरच्या झाडाखाली बसून राहिला, हसतमुखाने, पिशवी मांडीवर घेऊन. पुढच्या रविवारी आम्ही त्याचा सैनिक उभा केला, तेव्हा तो उठून टपाल वाटायला लागला. तेव्हापासून नियम बदलताना मजा येते, तशी पाठीत थंडीही भरते.

आमच्या चौघांतल्या सलूनवाल्याला हे पटत नाही. "टेलरमास्तर, फरशी ओली होती म्हणून माणूस पडला. तुमचं आपलं काहीतरीच!" त्याने दमण्याचा नियम रद्द करून घेतला; आता पडला तो पुन्हा मेलाच. जिंकणाऱ्यानेच नियम बदलायचा, हरणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा आमचा पहिला नियम (नाहीतर जो तो रडून नियम फिरवेल), आणि सध्या तोच जिंकतो आहे. माझी फौज पळाली. लाकडी पुलावर एकटा झेंडेवाला उरलाय, समोर सलूनवाल्याची तोफ. दाजी, तो झेंडेवाला म्हणजे तुम्ही. (प्रेमाने नाव दिलं होतं. सगळ्यांत उंच सैनिक तोच.) रविवारपासून रोज देवापुढे बसतो आहे, पण मार्ग दिसत नाही.

बाकी क्षेम.
तुमचा मेव्हणा

ता. क. – काळजी नको. हरल्या मनाने मूळ पुस्तक उघडलं (बदलण्याच्या नादात ते शेवटपर्यंत कुणी वाचलंच नव्हतं). त्यात छापलंय, सेनापती हवा तेव्हा आपल्या सैनिकाच्या जागी उभा राहू शकतो. छापील नियमापुढे सलूनवाला काय बोलणार? झेंडेवाल्याचं तुमचं नाव काढलं, माझं घातलं. तुम्ही सुटलात.

पुन्हा ता. क. – हे दुकानात, शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहितोय. भरदुपार आहे. मशीन बंद आहे, तरी पायाखाली फळ्या हलताहेत आणि त्यांच्या खालून पाणी वाहिल्याचा आवाज येतो. दुकानाची फरशी तर दगडी आहे. रविवारी दुपारी पहिली चाल तोफेची. त्या वेळी दाढीला म्हणून सलूनवाल्याकडे जाऊन बसाल का? दुकान बंद असतं, पण तुमच्यासाठी तो उघडेल. सावकाश कर म्हणावं.