‘नववं कुलूप’मधली किंकाळी

नागोया, १० जून

ताई,

सेन्दाइला पोचली असशील. जेवण वेळेवर घे. इथे सगळं ठीक आहे. घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. मार्चमध्ये तुला ताप होता. वादकांना अंदाज यावा म्हणून ‘नववं कुलूप’ या गाण्याचं कच्चं गायन मी केलं.
२. एप्रिलमध्ये तू पक्कं गायलीस. शेवटच्या किंकाळीचे सहा प्रयत्न झाले.
३. त्यांतून निवड आणि जुळणी मी एकटीने केली.
४. पाच जूनला त्या एकाच गाण्याची तबकडी, सिंगल, बाजारात आली.

त्या दिवशी मी तुमच्या बँडच्या मुराओकाबरोबर इमाइके भागातल्या तबकड्यांच्या दुकानात गेले होते. तुझं पोस्टर माझ्यापेक्षा उंच होतं. मुराओका हेडफोन लावून शेवट पुन्हा पुन्हा ऐकत होता.

“इओरी, ऐक ही किंकाळी. ताईच्या घशात भट्टी आहे भट्टी.”

“जुळणी मीच केलीय.”

“अगं, तुम्हा रेकॉर्डिंगवाल्यांचं काम वायरी जोडायचं. तू किंचाळलीस तर शेजारी विचारतील, बोट दारात सापडलं का?”

मी हसले. ड्रम बडवणाऱ्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची.

ती किंकाळी माझी आहे. कच्च्या गायनातली. तुझी काढून मी ती तिथे ठेवली. फोनवर आईलाही आपले आवाज वेगळे ओळखता येत नाहीत. तुलाही संशय आला नाही, याचं मला बरं वाटलं.

इथे पत्र संपवणार होते. पण तुला वाटेल, तुझी बिघडली म्हणून मी बदलली. तसं नाही. तुझा चौथा प्रयत्न माझ्याहून चांगला होता. तुझा आवाज फाटतो आणि तरी सूर सोडत नाही. माझा नुसता फाटतो. तो प्रयत्न मी अकरा वेळा ऐकला आणि मग बाजूला ठेवला. शाळेच्या बँडमध्ये तुझी निवड झाली तेव्हापासून मला एकदा तुझ्या जागी उभं राहायचं होतं.

तुझा चौथा प्रयत्न माझ्याकडे आहे. सगळ्या गाण्यांची मोठी तबकडी पुढच्या सोमवारी, १७ जूनला छपाईला जाते. तिच्यात तो घालता येईल. घातला तर सगळ्यांना कारण मी स्वतः सांगेन. यापुढे माझ्या हाती काम द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

माझी किंकाळी राहावी असं मला अजूनही वाटतं. म्हणून निवड मी करत नाही.

कोणती पाठवू, ते शुक्रवारी, १४ जूनला संध्याकाळी सहापर्यंत कळव.

इओरी