गोधड्यांची उलटी बाजू

अंबरनाथ (पूर्व)
६ जानेवारी २०२५

चि. नरेंद्र यास,
जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

फोन करू नकोस, उचलणार नाही. भांडण कागदावर करायचं आणि कागदावर उत्तर येईपर्यंत बोलायचं नाही, हा दादांनी आपल्या लेकरांना घालून दिलेला नियम. दादा गेले, पण नियम रद्द झाल्याचं मला कुणी कळवलेलं नाही. पत्र तुझ्या शेजारच्या वृंदाच्या हाती देते आहे. ती रोज इथल्या शाळेत शिकवायला येते, तेव्हा पोस्टमनची वाट बघायला नको.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू जेवायला आलास, दोन वाट्या खीर संपवलीस आणि जाता जाता माझा फोन, टॅब आणि कॉम्प्युटर क्लाउडला जोडून दिलास. म्हणालास, ताई, आता फोनवर फोटो काढ, तो आपोआप सगळीकडे दिसेल. काय दिसतंय ते ऐक. माझ्या जास्वंदीचा एकही फोटो कॉम्प्युटरवर पोचत नाही. तिथे तुझ्या त्या सिंकवाल्या खिडकीत ‘पॉज्ड’ लिहून येतं, ते अजून तसंच. शेवटी कंटाळून मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्यावर कव्हर घातलं. उलट मी न काढलेलं सगळं टॅबवर येतं. संध्याने पिकवलेला दुधी, तुमच्या सोसायटीची मीटिंग आणि गोधड्या. गोधडी पसरलेली, गोधडी घडी घातलेली, गोधडीचा नुसता कोपरा. सकाळी चहा घेत मैत्रिणीच्या नातवाचा फोटो उघडावा, तर आधी चिंध्यांचे ढीग ओलांडून जायचं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी सुपरवायझर होते, तुला ठाऊक आहे. एकाच्या लाइनवर दुसऱ्याचं बोलणं ऐकू आलं की त्याला क्रॉस कनेक्शन म्हणतात आणि ते तोडतात. तेच केलं. सगळ्या गोधड्या डिलीट केल्या, दुधीही केला. मग कचरापेटीही रिकामी केली, कारण टोपली भरलेली ठेवून घरी जाऊ नये असं आम्हाला शाळेत नन्सनी शिकवलं. टॅब आता आरशासारखा स्वच्छ आहे. राहिला कॉम्प्युटर. तो येऊन नीट करून जा.

संध्याला जय भीम. राग आहे, पण तुझ्या वाटणीची लोणच्याची बरणी काढून ठेवली आहे.
तुझी ताई,
शालन


कात्रप, बदलापूर (पूर्व)
७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

नियम मोडून फोन केला, तू कापलास. तेव्हा हे पत्र बसल्या बसल्या वाच आणि वाचून होईपर्यंत कॉम्प्युटरकडे फिरकू नकोस.

चूक माझी आहे, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पासवर्ड लक्षात ठेवायचा त्रास नको म्हणून मी दोन्ही घरांसाठी दादांच्या नावाने एकच अकाउंट काढलं. घर एक, मग फोटोही एकत्र, असं मला वाटलं. त्यामुळे तू टॅबवरून जे काढलंस ते संध्याच्या फोनवरूनही गेलं. फोनमधली जागा वाचावी म्हणून तिचे मूळ फोटोसुद्धा मीच क्लाउडवर हलवले होते. कचरापेटी भरलेली राहिली असती तर परत आणता आले असते. नन्सना माझा नमस्कार सांग.

त्या चिंध्या नव्हत्या ताई. संध्याच्या आईने, गोदूमावशींनी, आयुष्यभर शिवलेल्या गोधड्या होत्या त्या. लेकीबाळींना, शेजाऱ्यांना, बाळंतिणींना दिलेल्या. आता त्यांच्या बोटांना सुई धरवत नाही. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि त्यांनी एकच मागितलं: आता दिसतंय तर माझ्या सगळ्या गोधड्या एकदा दाखवा. संध्या पावसाळ्यापासूनच रविवारी घरोघर जाऊन फोटो काढत होती. १९ तारखेला मावशींना ऐंशी पूर्ण होतात, त्या दिवशी टीव्हीवर सगळ्या दाखवायच्या होत्या. संध्या दोन दिवस नुसती भांडी घासते आहे.

आता मुद्द्याचं. तुझा कॉम्प्युटर ‘पॉज्ड’ आहे म्हणून तू मला शिव्या घातल्यास, पण आता सगळी आशा त्याच्यावरच आहे. त्याची डिस्क भरली असणार, म्हणून तो थांबला. थांबला, म्हणजे तोपर्यंत उतरलेले फोटो त्याच्या पोटात असतील, आणि तू ते पुसलेस हे त्याला अजून कळलेलं नाही. नेट मिळालं की कळेल, आणि मग तोही पुसून टाकेल. म्हणून वायफायचा डबा आधी भिंतीपासून काढायचा, मगच कॉम्प्युटर लावायचा. ‘रिझ्यूम’ असं विचारलं तर हात लावायचा नाही. गुरुवारी मावशींना डोळे तपासायला नेलं की थेट तुझ्याकडे येतो. तोवर कव्हर काढू नकोस.

लोणचं ठेवलंस, बरं वाटलं. माया तेवढीच राहू दे.
तुझा,
नरेंद्र


अंबरनाथ (पूर्व)
१५ जानेवारी २०२५

चि. संध्या हिस,
जय भीम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुला आहे, नवऱ्याला वाचायला दिलंस तरी चालेल. मी तुझे फोटो पुसले. कुणाचे आहेत हे विचारायला हवं होतं, विचारलं नाही. एक्स्चेंजमध्येसुद्धा लाइन तोडण्याआधी आम्ही दोन्हीकडे विचारत असू. दोन घरांचे कपडे एका कपाटात कोंबणाऱ्या माणसाचं काय करायचं ते तू बघ. माझ्या वाटणीचं मी लिहिलं.

गुरुवारपर्यंत मी थांबले नाही. डबा भिंतीपासून काढला, वर खात्रीसाठी शेजाऱ्यांनाही त्यांचं वायफाय बंद करायला लावलं. त्याची गरज नव्हती असं नरेंद्र नंतर हसत म्हणाला. हसू दे. पेनड्राइव्ह आणायला उल्हासनगरला गेले. दुकानदार विचारत होता की आंटी, पिक्चर भरायचे की भजन. मी त्याला म्हटलं गोधड्या भरायच्या आहेत, तेव्हा त्याने निमूटपणे सगळ्यात मोठा काढून दिला. कॉम्प्युटर लावला आणि फोल्डर उघडला. संध्या, त्या होत्या. मी खुर्चीत बसून एकेक नीट बघितली. आधी कधी बघितल्याच नव्हत्या, नुसत्या ओलांडल्या होत्या. सगळ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि दोनदा मोजल्या.

दोन मात्र कमी भरल्या. डिस्क भरल्यावर तू काढलेल्या त्या दोन: कुळगावच्या दौलतरावांच्या घरची आणि बारवी धरणाकडच्या बनूबाईची. हे नरेंद्रकडून काढून घेतलं आणि शनिवारी रिक्षा केली. दौलतराव भले माणूस. त्यांनी गोधडी गच्चीवर उन्हात पसरून दिली आणि मी फोटो काढत असताना फॅक्टरीत मशीनवर उभे राहिल्यासारखे बाजूला उभे राहिले.

तुला ती ओळखते, मी परकी. बनूबाईने चहा दिला, गोधडी दिली नाही. फोटो काढून नेला की मागून जमिनीचं माप घेणारे येतात, असा तिचा अनुभव. धरणाच्या वेळी त्यांच्याकडे तसंच झालं म्हणे. गोधडी सरकारात जमा होणार नाही याची मी तिला खात्री दिली, तरी ती बघत राहिली. गोदूमावशींनी मागितली आहे म्हटल्यावर मात्र आत जाऊन नातवाच्या अंगावरची ओढून आणली. नातू ओरडला. तिने त्याला सांगितलं की ज्या बाईने शिवली तिला बघायची आहे, तू गप थंडी खा.

आता एक कबूल करते. गोधडीची सुलट बाजू कोणती ते मला कळेना. शाळेत आम्हाला रुमालावर फुलं काढायला शिकवलं, गोधडी नाही. कुळगावची त्यांनीच पसरलेली होती. बनूबाईची मी ठेवली ती जास्त तुकडे असलेली बाजू वर करून. चुकलं असेल तर सांग, पुन्हा जाईन. बनूबाईचा चहा चांगला असतो.

पेनड्राइव्ह वृंदाबरोबर पाठवते आहे. मावशींना माझा नमस्कार. झालेलं पोटात घाल आणि येत जा.
शालनताई


कात्रप, बदलापूर (पूर्व)
२० जानेवारी २०२५

ती. ताईंस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

काल तुम्ही सर्दीमुळे आला नाहीत, म्हणून सगळं लिहिते.

आईला टीव्हीसमोर खुर्ची मांडली. एकेक गोधडी येत गेली तशी ती नावं घेत गेली. ही थोरलीच्या बाळंतपणातली, ही कारखान्यातल्या मुकादमाच्या बायकोला दिलेली. एकीवर थांबून म्हणाली, दोरा कच्चा निघाला, दुकानदाराने फसवलं. मला हायसं वाटत होतं, पण ताई, खरं सांगते, तिचा चेहरा कापडाच्या दुकानात बसल्यासारखा होता. ओळखत होती, तेवढंच.

शेवटी बनूबाईची आली. आई उठली, थेट टीव्हीपाशी गेली आणि काचेवर हात ठेवला. विचारलं, ही उलटी कोणी धरली. मी तुमचं नाव सांगितलं, तर हसायला लागली. मग मला जवळ बोलावलं. आई वरून नवं अखंड कापड लावायची, ते लोकांना बघायला. जुने मऊ तुकडे आतून, अंगाला लागायला. मी महिनोन्‌महिने दारोदार फिरले आणि वरचंच कापड टिपत राहिले. आईने काचेवर बोट ठेवून दाखवलं: हे बाबांचं कामावरचं शर्ट, ही आजीची हिरवी साडी, आणि कोपऱ्यात तो पिवळा तुकडा माझा फ्रॉक.

तो फ्रॉक तिने बोहारणीला दिला, म्हणून मी लहानपणी तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. खरं तर अजूनही ते मनात होतं. आई म्हणाली, तुझं एकही चिंधुक बोहारणीला गेलेलं नाही, बाळंतिणीला उबदार लागावं म्हणून घातलं, तू विचारलंच नाहीस. ताई, बनूबाईचा नातू माझ्या फ्रॉकवर झोपतो.

ह्यांनी सगळ्यांची अकाउंटं वेगळी केली आहेत. गोधड्यांचा तेवढा अल्बम एकत्र ठेवला. त्यात तुम्हाला डिलीट करता येणार नाही असं करतो म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, त्यांना करता येऊ दे.

आता आईला बाकीच्या सगळ्यांची आतली बाजू बघायची आहे. पुढच्या रविवारपासून सुरुवात करायची म्हणते. मी म्हटलं, मी जाते. तर म्हणाली, तू नको, तू सरळ धरतेस. त्या अंबरनाथच्या बाईंना पाठव.

रिक्षा मी सांगून ठेवते. सर्दी बरी करा, आणि आमच्यावरची माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
संध्या