घोडीचा डावा डोळा

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

मी सुखरूप आहे, पोटभर जेवतो. आईला एवढंच वाचून दाखवा.

द्राक्षमळे आणि वाईनची तळघरं बघायला आलेल्या पाहुण्यांना मी घोड्यांवरून फिरवतो. आमच्या म्हाताऱ्या घोडीला डाव्या डोळ्याने दिसेनासं झालंय. मालक तिला विकेल, म्हणून महिनाभर गप्प बसलो. काल ती कुंपणाच्या तारेला घासली. वर बसलेल्या बाई हसल्या, "हिला चष्मा लावा हो!" मी लगाम धरून घोडीला तारेपासून दूर नेलं.

आईने शेजारच्या मुलाकडून लिहून कळवलंय, तुम्ही हल्ली डावीकडच्या दारावर आपटता आणि "अंधार होता" म्हणता. बाबा, भर दुपारी कसला अंधार?

घोडीचं मी उद्या मालकाला सांगतो. तुमचं तुम्ही डॉक्टरांना सांगा. मग आईला हे पत्र पूर्ण वाचून दाखवा.

तुमचा,
थोरला