जेवणाच्या टेबलावरील सीलबंद रायफल बंदूक-कारागिराकडे पाठविण्यास परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. शेरीफ,
शेरीफ कार्यालय, लोन कूली काउंटी,
मोंटाना.

विषय : मुठीच्या स्क्रूचे आटे गेलेल्या रायफलीवरील काउंटीचे सील काढून ती दुरुस्तीस पाठविण्याबाबत.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. २ डिसेंबर २०२४.
२) आपले उत्तर, दि. ६ डिसेंबर २०२४ ("सदर बाब घरगुती आहे").
३) माझा दुसरा अर्ज, दि. १६ डिसेंबर २०२४.
४) डेप्युटी कर्ट स्टेनरूड यांचा पाहणी अहवाल, दि. १९ डिसेंबर २०२४ ("धोका आढळला नाही").

महोदय,

१. मी, सौ. मारिट स्टेनरूड, पती श्री. आर्लो व मुलगी टिल्डा (वय एक वर्ष दहा महिने) यांच्यासह कूली रोडवरील मेंढ्यांच्या वाडीत राहते. मी बंदुकीला घाबरणारी बाई नाही. बाराव्या वर्षी मी पहिले हरीण मारले आणि सोलले. हे सुरुवातीलाच लिहिण्याचे कारण, पहिल्या अर्जानंतर आपल्या कार्यालयातील बाईंनी मला फोनवर "तुम्ही शहराकडच्या का हो?" असे विचारले होते. माझा जन्म आपल्या कार्यालयापासून अकरा मैलांवर झाला आहे. मृदाशास्त्र शिकण्यासाठी चार वर्षे बाहेर होते, तेवढा काळ वजा करावा.

२. मूळ घटना अशी. कोयोट कोल्ह्यांसाठी, विशेषतः मेंढ्या विण्याच्या दिवसांत, माझे पती एक रायफल बाळगतात. ती उत्तम चालत होती. शनिवार, दि. १६ नोव्हेंबर रोजी पतींचे थोरले बंधू व आपले डेप्युटी कर्ट स्टेनरूड आमच्याकडे कॉफीला आले असता त्यांनी रायफल हातात घेऊन "ही काय मूठ आहे? खुळखुळा धरल्यासारखं वाटतं. माझ्याकडे नवी पडलीय, बसवून टाकू. दहा मिनिटांचं काम!" असे उद्गार काढले. जुनी मूठ निघाली. जुना स्क्रू चुलीखाली गेला. चूल सरकवण्याचा कंटाळा आल्यामुळे कर्ट यांनी गोठ्यातल्या कॉफीच्या डब्यातून दुसरा स्क्रू आणला. तो गवताचे गठ्ठे बांधण्याच्या यंत्राचा होता.

तो हाताने जाईना. माझे पती म्हणाले, "अरे, हा त्यातला नाही वाटत." कर्ट म्हणाले, "जात नाही म्हणजे काय? घालायचा असतो!" आणि त्यांनी बॅटरीवरचा ड्रिल लावला. पुढे जो आवाज झाला त्याने टिल्डा झोपेतून उठली. स्क्रू पोलादी, रायफलीचा सांगाडा अॅल्युमिनियमचा. आतले सगळे आटे सोलून भुश्शासारखे टेबलावर पडले. ते मी ओल्या फडक्याने टिपले, कारण माझी मुलगी जमिनीवरचे व टेबलावरचे सर्व काही तोंडात घालते.

३. आपण अनुभवी अधिकारी असल्याने जाणताच, तरी नोंद राहावी म्हणून लिहिते. या रायफलीची मूठ केवळ धरण्यासाठी नसते. मुठीच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी खीळ आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. सुरक्षेची कळ त्यांच्यामुळे जागच्या जागी राहते. मूठ हलली की कळ मोकळी होते आणि नुसत्या धक्क्याने 'सेफ'वरून 'फायर'वर जाते. थोडक्यात, दिसायला बरी मूठ बसवण्याच्या नादात आमच्या रायफलीची सुरक्षा गेली. माझी संपूर्ण तक्रार एवढीच आहे. बाकी सर्व दुरुस्ती आहे.

४. दुरुस्त्यांचा तपशील :
(अ) अधिक जाड स्क्रू. त्याने भोक मोठे झाले.
(आ) नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप.
(इ) आमचे पाद्री श्री. हॉलवर हे टिल्डाच्या नामकरणाविषयी बोलायला आले असता, त्यांनी भोकात आगकाड्या खुपसून स्क्रू फिरवला. "माझ्या आजोबांनी चर्चची सगळी दारं अशीच बसवलीत," असे ते म्हणाले. चर्चचे मागचे दार गेल्या वर्षी निखळून पडले, हे मी सौजन्यापोटी बोलले नाही.
(ई) दोन नळ्यांचा गोंद. यासाठी कर्ट यांनी स्वतःचा लोखंडी व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा पकडसाचा, आणून आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेला आवळला व त्यात रायफल उलटी धरली. "बहात्तर तास कुणी हात लावायचा नाही," अशी आज्ञा झाली. बहात्तर तासांनी मूठ हातात आली. पुन्हा गोंद, पुन्हा बहात्तर तास. असे आजवर नऊ वेळा झाले आहे. गोंद ओला असताना रायफल बंदुकीच्या तिजोरीत ठेवता येत नाही आणि गोंद ओला नाही असा दिवस उजाडत नाही.

५. यावर योग्य उपाय आहे व तो आपल्या गावातच आहे. मी श्री. अँब्रोज गिल, बंदूक-कारागीर, यांना फोन केला. भोक मापात मोठे करून, नवे आटे पाडून, आत पोलादी वेटोळे बसवायचे, की मूठ पूर्वीपेक्षा घट्ट बसते, असे त्यांनी सांगितले. "चाळीस मिनिटं. पण मला सांग पोरी, आतापर्यंत किती पुरुषांनी हात लावला?" मी म्हटले, तिघांनी. "मग दीड तास," ते म्हणाले.

मग रायफल तिकडे का जात नाही? श्री. गिल यांच्या दुकानातली भिंत आपण पाहिली आहे. लोकांनी घरी बिघडवलेल्या वस्तू ते त्या भिंतीवर टांगतात आणि खाली चिठ्ठीवर नाव, तारीख व वापरलेले हत्यार लिहितात. काउंटीतला प्रत्येक माणूस शिकारीच्या मोसमाआधी तिथे कॉफी पितो आणि भिंत वाचतो. गठ्ठ्याच्या यंत्राचा स्क्रू त्या भिंतीवर गेला तर, दर वसंतात काउंटीतल्या मुलांना बंदूक-सुरक्षेचा वर्ग देणाऱ्या डेप्युटीला पुन्हा वर्गात उभे राहता येणार नाही, असे कर्ट यांचे म्हणणे आहे. त्यांचे शब्द असे : "अगं मारिट, तुला काय, तू घरी बसून लोणी लावून ब्रेड खाशील. मला त्या भिंतीसमोरून रोज जायचंय!"

६. दि. २८ नोव्हेंबर रोजी थँक्सगिव्हिंगचे जेवण आमच्याकडे होते. टेबल एकच, त्यावर व्हाइस, व्हाइसमध्ये रायफल. कर्ट यांनी बंदुकीच्या नळीचे तोंड कुणाकडेही असता कामा नये, हा त्यांच्या वर्गातला नियम अत्यंत काटेकोरपणे पाळला. त्यांनी आम्हा अकरा जणांना टेबलाच्या दोन बाजूंना दाटीवाटीने बसवले आणि नळीसमोरची खुर्ची रिकामी ठेवली. ती माझ्या सासूबाईंची नेहमीची खुर्ची. त्या नातवंडांमध्ये चेंगरून बसल्या आणि म्हणाल्या, "कर्ट, बाळा, माझ्या जागेवर कोण जेवतंय रे?" कर्ट म्हणाले, "कुणी नाही, आई. शिस्त आहे." टर्की कापली गेली. ग्रेव्हीचे भांडे नळीला वळसा घालून फिरवण्यात आले. मी विचारले, रायफल रिकामी आहे ना? दोघे भाऊ एकदमच म्हणाले, "रिकामीच आहे!"

७. यानंतर मी पहिला अर्ज केला. बाब घरगुती असून रायफलीचे मालक श्री. आर्लो यांची सही नाही, असे उत्तर आले. पतींना सही मागितली तर "कर्ट काय म्हणेल?" एवढेच म्हणाले. मी दुसरा अर्ज केला. तो आपल्या कार्यालयाने चौकशीसाठी वर्ग केला आणि ज्यांच्याकडे वर्ग केला ते अधिकारी कर्ट स्टेनरूड होते.

दि. १९ डिसेंबर रोजी ते गणवेशात आले. एरवी ते मागच्या दाराने येऊन फ्रीज उघडतात. त्या दिवशी त्यांनी पुढचे दार वाजवले, टोपी काढली आणि मला "मॅडम" म्हणाले. टिल्डा "कट! कट!" म्हणत त्यांच्या पायाला बिलगली तेव्हा "चौकशी चालू आहे, बेटा" असे तिला सांगण्यात आले. त्यांनी छापील फॉर्म भरला. "शस्त्र तपासले काय : होय. रिकामे : होय." यापैकी एकाही वेळी त्यांचा हात रायफलीला लागला नाही, कारण गोंद ओला होता. जाताना त्यांनी व्हाइसच्या दांड्याभोवती काउंटीचे लाल सील गुंडाळले : "तपासाधीन वस्तू. जागेवरून हलविणे गुन्हा." मी म्हटले, आता ही कारागिराकडे कशी न्यायची? ते म्हणाले, "तेच तर! आता कुणीच नेऊ शकत नाही."

श्री. गिल सील असलेल्या वस्तूला हात लावत नाहीत, हे त्यांचे बरोबरच आहे. अशा रीतीने माझ्या अर्जाचा परिणाम म्हणून आमचे जेवणाचे टेबल काउंटीच्या ताब्यात गेले आहे. आम्ही ओट्याशी उभे राहून जेवतो.

८. आता मुख्य गोष्ट. टिल्डाला खुर्चीवर चढता येऊ लागले आहे. तिला ती सुरक्षेची कळ सापडली. ती कळ फिरते, परत फिरते, तिला अडकाव नाही, त्यामुळे लहान बोटांनाही जमते. मी तिला दिवसातून वीस वेळा उतरवते. पती हसून म्हणायचे, "बघ, हातात कसब आहे पोरीच्या."

शनिवार, दि. ४ जानेवारी रोजी दुपारी ती पुन्हा चढली आणि या खेपेस तिचे बोट कळीवरून पुढे सरकून ट्रिगरच्या कडीत गेले होते. मी तिला कडेवर घेतले. आणि का कोण जाणे, सात आठवड्यांत कुणीच केले नाही ते केले. रायफलीचा मागचा दांडा ओढला.

आतून एक जिवंत काडतूस उडाले आणि टिल्डाच्या उंच खुर्चीच्या ताटलीत, तिने सांडलेल्या दलियात पडले.

महोदय, ती १६ नोव्हेंबरपासून भरलेली होती. पती त्या सकाळी कोल्ह्यामागून परत आले होते. त्यांना वाटले, कर्टने बघितली असेल. कर्ट यांना वाटले, आर्लोने बघितली असेल. ड्रिल भरलेल्या रायफलीला लागला. पाद्रींनी आगकाड्या भरलेल्या रायफलीत खुपसल्या. आम्ही अकरा जण भरलेल्या रायफलीभोवती बसून देवाचे आभार मानले. शिस्तीमुळे रिकामी ठेवलेली ती एक खुर्ची सोडली तर त्या दिवशी काहीही बरोबर झाले नव्हते, आणि त्या शिस्तीबद्दल मी कर्ट यांची मनापासून ऋणी आहे. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, हे वाक्य ते आपल्या काउंटीतल्या मुलांकडून दर वसंतात तीनदा म्हणवून घेतात. मीही ते म्हटलेले आहे. मी तरी तोवर कुठे दांडा ओढला होता?

पतींनी काडतूस उचलून दलिया पुसला. मग कर्ट यांना फोन केला तेव्हा कर्ट म्हणाले, "निघालं ना? मग आता तर नक्की रिकामी आहे. उगाच कुणाला सांगत बसू नका." पतींनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "लिही. या वेळी सही मी करतो."

९. सबब विनंती अशी की,
(क) व्हाइसवरील सील तात्काळ काढावे. काढण्यासाठी कर्ट स्टेनरूड सोडून कोणीही चालेल.
(ख) रायफल श्री. गिल यांच्याकडे द्यावी. त्यांची भिंत व तिच्यावरील चिठ्ठी याबाबत आमची काहीही हरकत नाही. चिठ्ठीवर पती स्वतःचेही नाव घालण्यास तयार आहेत.
(ग) दि. १९ डिसेंबरच्या अहवालातील "तपासले : होय" या शब्दांची चौकशी व्हावी. ती वर्ग करू नये.
(घ) येत्या वसंतातला मुलांचा वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा.

कर्ट वाईट गृहस्थ नाहीत. टिल्डाच्या जन्माच्या दिवशी रस्ता बर्फाने बंद असताना त्यांनीच मला काउंटीच्या गाडीतून दवाखान्यात पोचवले. हे मी विसरलेले नाही, आणि म्हणूनच दोन अर्जांपर्यंत मी थांबले. तिसऱ्यानंतर थांबणार नाही. मेंढ्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विऊ लागतील आणि सील असो वा नसो, तोवर कुणीतरी ती रायफल हातोड्याने मोकळी करून बाहेर नेईल, हे मी या दोन भावांशी सहा वर्षांच्या सोयरिकीवरून सांगते.

सील मी तोडलेले नाही. रायफल जागेवरून तसूभरही हलवलेली नाही. तथापि सात आठवडे टेबलाभोवतीचे संभाषण ऐकून मला तिच्या अंतर्भागाची पुरेशी माहिती झाली आहे. आज सकाळी मी जागच्या जागी एक खीळ दाबून वरचा भाग उघडला व सहपत्र क्र. ४ मधील वस्तू बाहेर काढली. टिल्डाचे नाक पुसण्याचा वेळ धरून चार मिनिटे लागली.

उत्तराची वाट पाहत, पण आता घरी बसून नव्हे,

आपल्या काउंटीची रहिवासी,
(सही) मारिट स्टेनरूड

रायफलीचा मालक म्हणून वरील सर्व मजकूर मान्य :
(सही) आर्लो स्टेनरूड

दि. ६ जानेवारी २०२५.

सहपत्रे :
१) जेवणाच्या टेबलाचे छायाचित्र, सीलसह.
२) श्री. अँब्रोज गिल यांचे पत्र : दीड तासाचे काम असल्याबाबत.
३) जिवंत काडतूस, एक. (दलिया पुसलेला आहे.)
४) सदर रायफलीची फायरिंग पिन, एक, टिल्डाच्या सफरचंदाच्या गराच्या बाटलीत झाकण घट्ट लावून. हिच्यावाचून रायफल उडत नाही. कृपया पोच द्यावी, आणि रायफल दुरुस्त झाल्यावर ही बाटली फक्त माझ्या हातात परत करावी.