गोगलगाईची खुंटी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सायंकाळी सहा.

ज्या हाताने आजवर केवळ उत्तरपत्रिका लिहिल्या, आणि त्याही समासाच्या रेघेला धक्का न लावता, त्या हाताने रोजनिशी लिहायला घेणे हे धार्ष्ट्य आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. वहीने क्षमा करावी. रोजनिश्या थोरामोठ्यांनी लिहाव्यात, शिशुवर्गाच्या शिक्षिकेने नव्हे. परंतु सूड ही पद्धतशीरपणे पार पाडण्याची गोष्ट आहे, आणि पद्धतशीर कामाला नोंद लागते.

('सूड' ऐवजी 'न्याय' असे वाचावे. शाईने लिहिल्यामुळे खोडता येत नाही.)

पार्श्वभूमी. आमच्या मुलांना अजून वाचता येत नाही, म्हणून वर्गात पिशव्या अडकवायच्या प्रत्येक खुंटीवर नावाऐवजी चित्र असते. मासा, छत्री, किटली, बटण. मुले एकमेकांना त्याच नावांनी हाका मारतात आणि हळूहळू आम्हीही. वर्षारंभी मी तापाने दोन दिवस घरी होते. परत येऊन पाहते तो माझ्या खुंटीवर गोगलगाय. शेजारची खुंटी दुसऱ्या शिक्षिकेची. तिच्यावर फुलपाखरू.

चित्रे कोणी चिकटवली हे विचारण्याची आवश्यकता नव्हती. डिंकाची बाटली फुलपाखराच्याच टेबलावर होती.

या गोष्टीला सात महिने झाले. मी मनात काहीही ठेवलेले नाही.

दुसरा अपराध. वर्गातल्या वाळूत खेळण्याच्या कोपऱ्यावर मी अकरा पानांचे टिपण लिहिले होते. संचालक मंडळापुढे ते तिने चार मिनिटांत, इंग्रजीत, हसत हसत सांगून टाकले. वर शेवटी म्हणाली, हे सगळं मुळात आमच्या गोगलगाईचं आहे बरं का. सर्वांसमक्ष. गोगलगाय.

आज मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दोघींना बोलावले. पुढील वर्षी लहान मुलांचा नवा वर्ग निघणार. त्यात बालकेंद्री पद्धतींपैकी कोणती स्वीकारावी, याचा तुलनात्मक अहवाल दोघींनी स्वतंत्रपणे द्यायचा. ज्या अहवालाने त्यांचे समाधान होईल, त्या शिक्षिकेला तो वर्ग. बटणही त्याच वर्गात जाईल.

बटण चार वर्षांची आहे. सात महिन्यांत शाळेत एक शब्द बोललेली नाही. कोणत्याच गटात बसत नाही, खुंट्यांपाशी उभी राहते. बहुधा घरी जायचे असते. तिचा पहिला शब्द माझ्या वर्गात उमटला पाहिजे. हे मी सूड म्हणून म्हणत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

शालान्त परीक्षेत मराठी माध्यमातून पहिली आलेल्या व्यक्तीला तुलनात्मक अहवालाचे भय नसावे. वाचनालयातून सात पुस्तके आणली. माँटेसरी, वॉल्डॉर्फ, रेजिओ, अशा तीन पद्धतींवरची. आराखडा तयार: प्रस्तावना, तीन प्रकरणे, चार परिशिष्टे.

मधल्या सुट्टीत फुलपाखराने विचारले, वाचायला वेळच नाही गं, तूच सांग ना दोन ओळींत. मी सांगितले नाही.

(सांगितले. परंतु दोनच ओळी. त्यानंतरचा पाऊण तास हा खुलासा होता.)

गुरुवार, ६ फेब्रुवारी.

प्रयोग पहिला, माँटेसरी. साहित्य: दहा गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा. शिक्षिकेने कमीत कमी शब्दांत प्रात्यक्षिक करावे, असा दंडक आहे. शब्द कमीत कमी का असावेत, हे मी मुलांना वीस मिनिटे समजावून सांगितले.

किटली झोपली. छत्री सर्वांत लहान ठोकळा मुठीत घेऊन वर्गाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात फुलपाखराकडे गेली. या पद्धतीत मूल आपले काम स्वतः निवडते, त्यामुळे अडवता आले नाही. मनोरा नऊ ठोकळ्यांचा झाला. दोष साहित्याचा.

सोमवार, १० फेब्रुवारी.

प्रयोग दुसरा, वॉल्डॉर्फ. लहान मूल उपदेशाने नव्हे, अनुकरणाने शिकते. मोठ्या माणसाने शेजारी बसून आपले काम मन लावून करावे, इतकेच. मी मन लावून वाचत बसले.

साडेदहापर्यंत नऊच्या नऊ मुले नखे कुरतडू लागली.

पद्धत निर्विवाद सिद्ध झाली. अहवालात हा भाग नको.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

प्रयोग तिसरा, रेजिओ. मुलांच्या कुतूहलातूनच प्रकल्प उभा राहतो. गोल करून बसवले आणि विचारले की तुम्हाला जगातले काय जाणून घ्यावेसे वाटते.  छत्रीने विचारले, फुलपाखरूबाई इकडे कधी येणार. मासा म्हणाला, त्या नाही येणार, आपण जाऊ या.

प्रकल्पास अयोग्य प्रश्न.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळी सव्वासात.

सुचले. परिशिष्ट क्रमांक पाच.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे: निरीक्षण. शिक्षिकेने वही घेऊन बाजूला बसावे, वेळ लिहावी, डोळ्यांना दिसले तेवढेच लिहावे. मत नको, विशेषण नको. मूल ज्या चित्राचे, त्या चित्राच्या नावाने नोंद. मी मुलाऐवजी फुलपाखराचे निरीक्षण करणार आहे. तिचा आळस, तिची मौजमजा, पुस्तकाशी उभे वैर, सारे घड्याळाच्या काट्यानिशी मोठ्या बाईंपुढे येईल. निंदेचा एक शब्दही नाही. ती आपल्या वस्तुस्थितीनेच चिरडली जाईल.

आजचा चहा चवीने प्यायले.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

नोंदवहीतून उतारा. 

'१०.१२ मासा रडू लागला. फु. जमिनीवर बसली. बोलली नाही. १०.१९ मासा तिच्या गुडघ्यावर डोके ठेवून. १०.३१ मासा उठून ठोकळ्यांकडे.'

एकोणीस मिनिटे नुसते बसणे. 'कामचुकार' असे लिहिले होते, विशेषण म्हणून खोडले.

सोमवार, १७ फेब्रुवारी.

'९.४० किटलीने पाणी सांडले. फु.ने फडके दिले. किटलीने पुसले. पुन्हा सांडले, पुन्हा पुसले. एकूण चार वेळा. फु. हात पाठीमागे बांधून उभी.'

'११.०५ बटण खुंट्यांपाशी. फु.ने तिच्याजवळ एक स्टूल ठेवले व निघून गेली. ११.२६ बटण स्टुलावर.'

मुलीला हाक नाही, गोष्ट नाही, एक वाक्यसुद्धा नाही. असल्या शिक्षिकेच्या हाती बटण जाऊ देणे म्हणजे तिला विहिरीत ढकलणे.

सायंकाळी आईला नोंदी वाचून दाखवल्या. भाजी निवडता निवडता म्हणाली, ही कोण गं, मला तर आवडली बाई. मी म्हणाले, अगं, हीच ती. आई म्हणाली, मग तू एवढी चिडतेस कशाला, तिच्याशी मैत्री कर, तुला एक तरी मैत्रीण होईल.

आईला शास्त्रीय लेखन वाचण्याची सवय नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी.

पृष्ठ एकेचाळीस लिहून झाले. संपूर्ण अहवालाचा कणा. चित्रे चिकटवून दुसऱ्याची ओळख ठरवणाऱ्यांच्या वर्मी बसेल, अशा बेताने रचले आहे:

'मोठ्यांनी आपली आवड इतरांवर लादू नये. मुलाने केलेली निवड अंतिम मानावी, मग ती मोठ्यांच्या अहंकाराला कितीही बोचो.'

खाली दोन रेघा मारल्या. लाल.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.

फुलपाखराने विचारले, हल्ली सारखी काय लिहीत असतेस माझ्याकडे बघून, माझं चित्र काढतेस की काय. मी म्हणाले, एक प्रकारे. ती म्हणाली, मग जरा बारीक काढ.

हसत राहा.

सोमवार, २४ फेब्रुवारी. दुपारी चार.

अहवाल सादर. चौसष्ट पाने, दोऱ्याने शिवलेली. मोठ्या बाईंनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि खुर्चीत बसून घेतले.

विजयानंतर बोलावयाचे चार शब्द पाठ करून ठेवले आहेत. फुलपाखराला माझ्या हाताखाली साहाय्यक म्हणून राहू द्यावे, अशी शिफारस मी स्वतः करीन. क्षमेइतका दीर्घकाळ चालणारा सूड दुसरा नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. सायंकाळी.

मोठ्या बाईंनी बोलावले. परिशिष्ट पाच त्यांनी दोनदा वाचले म्हणे. मी पाठ केलेले चार शब्द ओठांवर आणून उभी राहिले.

त्या म्हणाल्या, अगं, या साठ पानांत पुस्तकं बोलतात, शेवटच्या चार पानांत मुलं. कोणती पद्धत घ्यायची हा प्रश्नच उरला नाही. मूल रडतं तेव्हा ही जवळ बसते, सांडतं तेव्हा ही थांबते, बोलत नाही तेव्हा स्टूल ठेवून निघून जाते. मी वीस वर्षं शिक्षिकांना हेच सांगतेय, पण इतकं स्वच्छ लिहिलेलं कुणी दिलं नाही. स्वतःचा वर्ग पणाला लागला असताना दुसरीबद्दल असं लिहायला मोठं मन लागतं.

मोठे मन.  पाठ केलेले चार शब्द मी तसेच परत घरी आणले.

वर्ग फुलपाखराला. तिचा अहवाल एक पान होता. मी सांगितलेल्या त्या दोन ओळी, आणि खाली: संदर्भ, गोगलगाय.

माझ्यासाठी नवी जागा. वर्षभर त्याच वर्गात, तिच्या शेजारी, वही घेऊन बसायचे. निरीक्षक. स्वीकार किंवा नकार, उद्या दुपारी बारापर्यंत ई-मेलने कळवायचा.

नकाराचा मसुदा तयार आहे. अत्यंत बोचरा. तीन पाने.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. सकाळी सव्वाअकरा.

नकार पाठवण्यापूर्वी एकदा तिला तोंडावर विचारायचे ठरवले. आयुष्यात प्रथमच. खुंट्यांपाशी गाठले. डबीतला खडू हातात तसाच होता, तो मोडला. म्हणाले, गोगलगाय का.

फुलपाखराला आधी कळेचना. मग म्हणाली, अगं, मी कुठे लावलं. त्या दिवशी सगळी चित्रं मुलांपुढे टाकली होती, ज्याने त्याने निवडायची, आपलीसुद्धा. मी तर तुला घुबड देणार होते, चष्म्यामुळे. पण बटणने गोगलगाय उचलली आणि तुझ्या खुंटीखाली जी उभी राहिली ती हलेचना. दुसरं काही लावूच देईना. डिंकसुद्धा तिनेच फासला, फ्रॉकभर. तुला माहीत नव्हतं? रोज तर तिथे उभी असते.

सात महिने ती घरी जाण्यासाठी उभी असते, असे मी धरून चालले होते. नोंद न करता.

आताही ती आमच्या मागे होती, स्टुलावर. आमच्या पाठीमुळे तिला खुंटी दिसत नव्हती.

११.०५ बटण बोलली. एक शब्द. 'सरक.'

तो मला उद्देशून होता. मी सरकले.

११.०६ बटणने गोगलगाईचे उचकटलेले टोक अंगठ्याने दाबून बसवले.

फुलपाखरू रडू लागली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, काही न बोलता. किती मिनिटे, ते पाहायचे राहिले.

सकाळी साडेअकरा.

चित्र बदलून मागण्याचा अर्ज करावा, असा विचार मनात आला होता. परंतु अहवालाचे पृष्ठ एकेचाळीस मोठ्या बाईंच्या कपाटात आहे. माझ्याच अक्षरात. खाली दोन लाल रेघा.

तीन पानांचा नकार फाडला. त्याऐवजी पुढील मजकूर:

'आदरणीय बाई, देऊ केलेली जागा स्वीकारते. खुंटीवरील चित्र आहे तेच राहू द्यावे. आपली नम्र, गोगलगाय.'

पाठवले: शुक्रवार, २८ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटे.