खिळा एक, खेळाडू दोन

४ जानेवारी १९७१, सोमवार

पहिला मी. यात वाद नाही! वाद घालतात ती स्टेशनजवळच्या हॉटेलातली रिकामटेकडी माणसं. त्यांना चहाबरोबर काहीतरी लागतंच.

हॉटेलवाले आप्पासाहेब कुस्तीवेडे. चारी भिंतींवर पैलवानांचे फोटो. गल्ल्यावर एकच खिळा रिकामा आहे. गेल्या महिन्यात आमच्या टीमनं जिल्ह्याचा कप आणला, तेव्हापासून त्यांच्या मनात आहे की तिथं बास्केटबॉलवाल्याचा फोटो लावायचा. पण एकाचाच. श्रीरामपुरात आजवर झालेला सगळ्यांत मोठा जो असेल, त्याचा.

आज त्यावर तास गेला. आमच्या टीममधला छगन टेबलावर हात आपटून म्हणाला, "गहिनीनाथसारखा न्हाई झाला, न्हाई व्हनार!" गहिनीनाथ म्हणजे मीच. खाली मान घालून भजी खात होतो. अशा वेळी नम्र दिसलेलं बरं.

आप्पासाहेब ऐकेनात. "पीरमहंमदानं नगरच्या छावनीत गोऱ्या सोजिरांना पानी पाजलंय. अनवानी पायानं! तुमच्यावानी कॅनव्हासचे बूट न्हवते."

छगन म्हणाला, "गोरे पिऊन उतरायचे. त्यांना कुनीबी हरवील."

७ जानेवारी

माझी यादी अशी. पहिला मी. दुसरे उस्ताद, म्हणजे पीरमहंमद — पण बऱ्याच अंतरानं. तिसरी जागा सध्या रिकामी. अमेरिकेत सात-सात फुटी खेळाडू असतात म्हणे. ते श्रीरामपूरला आलेले नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार करता येत नाही.

उस्तादांना कमी लेखत नाही मी. मिशनच्या मैदानावर माझ्या हातात पहिला बॉल त्यांनीच दिला. बॉलकडे बघू नको, रिंगेकडे बघ, हे त्यांचंच. पण खरं ते खरं! त्यांच्या वेळी खेळ सावकाश होता. उभ्या उभ्या, दोन्ही हातांनी बॉल टाकायचे. मी पळत येऊन हवेत टाकतो. आता ते पन्नाशीच्या पुढचे, दिवसभर कमानीनं कापूस पिंजतात, गाद्या भरतात. दाढीत कापसाचे पुंजके अडकलेले असतात.

१० जानेवारी, रविवार

आप्पासाहेबांनी तोड काढली. पैलवानांचं ठरवतात तसंच ठरवायचं — जोड लावायची! सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की मिशनच्या मैदानावर उस्ताद आणि मी, दोघंच. एकच रिंग. आधी अकरा बास्केट करील त्याचा फोटो.

मी म्हणालो, हा पाच जणांचा खेळ आहे, यात जोड नसते. आप्पासाहेब म्हणाले, "एकाला एक भिडल्याबिगर मोठा कोन, ते कसं कळनार?" सगळ्यांना पटलं. सोनईहून बाजाराला आलेल्या, आयुष्यात बॉल न पाहिलेल्या माणसालासुद्धा पटलं!

मग मीही हो म्हणालो. मला काय, आयता फोटो.

११ जानेवारी

चांगुणा रागावली आहे. "ज्यानं शिकीवलं त्याच्याच अंगावर जायाचं? तालमीत तरी असं करत्यात का?" मी म्हणालो, उस्तादांनी स्वतः हो म्हटलंय. "त्यांनी म्हटलं. तुमी न्हाई म्हनायचं हुतं." बायकोला खेळातलं कळत नाही. जेवण मात्र आदळून वाढलं.

१४ जानेवारी, संक्रांत

उस्तादांकडे तिळगूळ घेऊन गेलो. गादीवर बसून टाके घालत होते. जोडीचं नाव काढलं नाही त्यांनी. मीही नाही. निघताना फक्त म्हणाले, "गुडघं शेकून ये रं. थंडी हाय." माझे गुडघे! हसू दाबत बाहेर आलो.

२० जानेवारी

कारखान्यात, आमच्या टाइम ऑफिसात सगळे एकच विचारतात — किती फरकानं? मी ठरवून टाकलंय. पहिले तीन बास्केट उस्तादांना द्यायचे. म्हातारा माणूस, गाव बघायला येणार, मान राहिला पाहिजे. मग हळूहळू वर जायचं आणि शेवटी पाया पडायचं. फोटोसाठी नवा शर्ट शिवायला टाकला आहे.

२६ जानेवारी, मंगळवार

हरलो.

मुद्दाम नाही.

२७ जानेवारी

काल लिहवलं नाही. आज लिहितो.

झेंडावंदनाची सगळी गर्दी तशीच मैदानात आली. उस्ताद पायजमा वर खोचून, अनवाणी. मी ठरल्याप्रमाणे तीन दिले. आडवा गेलोच नाही, नुसता हात वर केला. लोक हसले, त्यांना कळलं. छगननं डोळा घातला. मग मी खेळायला लागलो.

आणि काही चालेना! उस्ताद पळतच नाहीत. लांब उभे राहतात, दोन्ही हातांनी छातीपासून बॉल सोडतात, तो बोर्डाला न लागता आत. जवळ गेलो की बाजूनं निघून जातात. एकदा नजर डावीकडे, खांदा डावीकडे, मी सगळा डावीकडे — आणि ते रिंगेखाली एकटे उभे. कसे गेले? अजून कळलेलं नाही. मी धापा टाकत होतो, त्यांचा श्वाससुद्धा चढला नव्हता.

अकरा-सहा. दिलेले तीन सोडले तरी आठ-सहा. किती वेळा मांडून पाहिलं, उत्तर तेच येतं.

पण खरी गंमत पुढेच. सगळ्या मैदानानं मला खांद्यावर घेतलं! आप्पासाहेबांच्या डोळ्यांत पाणी. "ह्याला म्हनत्यात चेला! उस्तादासाठी जीत सोडली!" मी नाही नाही म्हणत होतो. ते अजूनच टाळ्या वाजवत होते. उस्ताद कधी निघून गेले, कोणी पाहिलंच नाही.

२९ जानेवारी

गल्ल्यावरच्या खिळ्यावर माझा फोटो लागला. हार घातलेला! जुनाच फोटो, नवा शर्ट शिंप्याकडेच राहिला.

हे माझ्याच इच्छेप्रमाणे झालं, म्हणून आनंद व्हायला हवा. चहा तसाच ठेवून उठलो. घरी येऊन चांगुणाला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? तिकडं सांगा."

३१ जानेवारी, रविवार

उस्तादांची बायको मुबारकबी बाजारात भेटल्या. नेहमी 'बेटा' म्हणतात. आज म्हणाल्या, "त्या दिसापास्नं त्यांनी कमान हातात धरली न्हाई. कापूस तसाच पडलाय. जेवाया बसत्यात आनि उठत्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हरवायचं हुतंस बाबा. हरल्याचं त्यांना काय वाटलं नसतं."

तसाच गेलो. उस्ताद ओट्यावर होते. एवढंच बोलले, "समद्या गावाम्होरं मला खैरात घातलीस व्हय रं?" आणि आत गेले. ज्या माणसानं मला रिंगेकडे बघायला शिकवलं, तो माझ्याकडे बघत नाही. लाज वाटली. रडूही आलं, लपवत नाही.

१ फेब्रुवारी

हॉटेलात उभा राहून मोठ्यानं सांगितलं — ऐका! मी जीत सोडली नाही. जीव तोडून खेळलो आणि हरलो. पीरमहंमद माझ्यापेक्षा मोठे आहेत. आज, या वयातसुद्धा!

आप्पासाहेब गल्ल्यावरून उठले आणि त्यांनी मला मिठीच मारली. "ऐकलं का? अजून बी उस्तादाची लाज राखतोय! असं पोरगं पुन्ना व्हनार न्हाई." छगन म्हणाला, "गहिनी, आता पुरं. आमाला कळलं."

यांना काही कळलेलं नाही! मी खुर्ची ओढली, वर चढलो, फोटो काढून काखेत मारला आणि बाहेर पडलो. मागून टाळ्या. त्याच्यावरसुद्धा टाळ्या!

४ फेब्रुवारी, गुरुवार

उस्तादांसमोर जाऊन बसलो. जा म्हणाले, गेलो नाही. म्हणालो, "पहिले तीन मी दिले, ती माझी मस्ती. पुढचे आठ तुम्ही घेतलेत. डावीकडची ती हूल कशी केलीत, ते सांगा. नऊ दिवस डोकं फोडतोय." आणि उठून, मी कसा फसलो ते अंगणात करून दाखवलं. दोनदा दाखवलं. दुसऱ्या वेळी पडलो.

आता उस्ताद माझ्याकडे बघत होते. हळूहळू तोंड बदललं. "खरंच कळलं न्हाई व्हय तुला?"

"नाही."

त्यांनी भिंतीवरची कमान काढली, तिची तात ओढून पाहिली. म्हणाले, "त्ये तीन बी तुझं तू परत घे. आइतवारी ये. शून्यापास्नं."

जाणार. एकही देणार नाही. आणि लिहूनच टाकतो — भीती वाटते आहे.